चार क्रेडिटांचं गाऱ्हाणं

एसटी आमच्या फाट्यावर थांबली की कोण उतरलं ते मी पडवीत बसून ओळखतो. हातात मिठाईचा पुडा आणि डोळ्यांत 'माझ्या वाटणीच्या आंब्यांचं काय केलंत' असा भाव असला, तर चाकरमानी. मोबाइल आभाळाकडे धरून रेंज शोधत गोल फिरत असला, तर पर्यटक. आणि गळ्यात ओळखपत्र, बगलेत चार्टपेपरची सुरळी, खिशात चार रंगांची स्केचपेनं अशा थाटात उतरून जो आधी कंडक्टरलाच 'या मार्गावर रोज सरासरी किती प्रवासी असतात' असं विचारतो, तो फील्ड प्रोजेक्टवाला विद्यार्थी.

हा तिसरा प्रकार अलीकडे वाढला आहे. पूर्वी मे महिन्यात कोकणात माणसं आंबे खायला यायची; आता आंबे कोण किती खातं याची नोंद करायलाही येतात. एरवी मी या मंडळींना लांबूनच नमस्कार करतो. पण गेल्या एप्रिलात उतरलेला इसम सरळ माझ्याच बेड्यातून आत शिरला, तेव्हा चष्मा लावून पाहिलं. तो माझा भाचा निघाला. पिंट्या.

"मामा, महिनाभर राहणार आहे. चार क्रेडिटचा प्रश्न आहे."

पडवीत सुपारी कातरत बसलेल्या आईने मला विचारलं, "क्रेडिट म्हणजे काय रे?"

"उधारी," मी म्हणालो.

"अरे देवा! शिकूक धाडलेलो, तो चार ठिकाणी उधारी करून इलो?"

पिंट्याने तिला शांतपणे समजावलं. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट कमवायचे असतात, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० लागतात. आईने अडकित्ता खाली ठेवला. "एकशेवीस? बापाशीक म्हायत आसा?"

बापाला काय माहीत आहे हा तसा कठीणच प्रश्न होता. पिंट्याचं मेजर अर्थशास्त्र, त्यातही ओढा नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राकडे, मायनर टुरिझम, आणि फील्ड प्रोजेक्ट कम्युनिटी प्लॅनिंगचा. हे सगळं एका दमात सांगता येत नाही म्हणून माझ्या मेव्हण्याने ऑफिसात 'मुलगा प्लॅनर होतोय' एवढंच सांगून ठेवलं होतं. परिणामी दोघा सहकाऱ्यांनी मुलींच्या लग्नासाठी हॉलचे दर विचारले. पिंट्याच्या बाबांकडच्या आजीला वाटत होतं, नातू केसरीत लागणार आणि तिला फुकटात युरोप घडणार. साधनसंपत्तीसाठीचा 'रिसोर्स' हा शब्द तेवढा माझ्या ओळखीचा होता, पण तो माझ्या बँकेतल्या ह्यूमन रिसोर्सवाल्यामुळे, आणि त्याने माझी बदली सोलापूरला केली होती. त्यामुळे मीही फार उत्साह दाखवला नाही.

या जातीची पहिली खूण म्हणजे त्यांना माणसं दिसत नाहीत, स्टेकहोल्डर दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंट्या आईसमोर वही उघडून बसला. "आजी, तू या गावातली प्रायमरी स्टेकहोल्डर आहेस."

"मी खयचो ठेको घेतलंय?" आई उसळली. "ठेकेदार तो वरच्या वाडयेतलो. रस्तो खाऊन बसलो तो."

पिंट्याने वहीत लिहिलं: 'पायाभूत सुविधांविषयी असंतोष.' ही दुसरी खूण. यांच्यासमोर तुम्ही काहीही बोला, शिंकलात तरी, त्याला एक रकाना तयार असतो.

तिसरी खूण म्हणजे यांना प्रत्येक गोष्टीच्या पायऱ्या ठाऊक असतात. मी निवृत्तीनंतर घराला लागून दोन खोल्या काढल्या आहेत. निवास व न्याहारी. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून माझ्या मनात हे होतं. फक्त मनातून अंगणात यायला वीस वर्षं लागली. पिंट्याने खोल्या पाहिल्या, पाटी पाहिली आणि निदान केलं. बटलर नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९८० साली पर्यटनस्थळाचं आयुष्य टप्प्यांत मांडलं आहे. आधी चुकून आलेले भटके, मग गावकऱ्यांचा सहभाग, मग वाढ, मग साचलेपण आणि शेवटी एकतर उतरण नाहीतर नवा जन्म. "मामा, तू दुसऱ्या टप्प्यावर आहेस."

"आणि मामी?"

मामीसाठी वेगळी शिडी होती. १९७५ साली डॉक्सीने यजमानांच्या मनःस्थितीच्या चार पायऱ्या सांगितल्या: आनंद, बेफिकिरी, वैताग आणि वैर. पिंट्या म्हणाला, एखाद्या गावाला पहिलीपासून चौथीपर्यंत जायला वर्षानुवर्षं लागतात. आमची ही एका दुपारीत गेली. सकाळी ताजी सुरमई आली म्हणून ती आनंदात होती, दीड वाजता पाहुण्यांनी विचारलं, "पनीर नाही का?"

मग त्याने गळती शोधायला घेतली. पर्यटकाच्या शंभर रुपयांतले गावात किती राहतात याचा हिशोब. भाजी घाटावरून येते, कोंबडी घाटावरून येते, बाटलीतलं पाणी आणखी कुठून तरी येतं. गावाचं म्हणावं असं ताटात उरतं ते मासे, नारळ आणि सोलकढी. "मामा, तुझ्याकडे प्रचंड गळती आहे," असं तो खळ्यातून ओरडून म्हणाला. संध्याकाळपर्यंत दोन माणसं कौलं परतायचे दर सांगून गेली.

पण पिंट्या गावभर प्रसिद्ध झाला तो नकाशामुळे. रॉबर्ट चेंबर्स या विकासतज्ज्ञाने गाजवलेली ही पद्धत. बाहेरच्याने नकाशा काढायचा नाही. गावकऱ्यांनी स्वतः, जमिनीवर, हाताशी असेल त्या साहित्याने आपला गाव मांडायचा आणि बाहेरच्याने मुकाट्याने पाहायचं. देवळासमोरचं खळं शेणाने सारवून घेतलं. पांढरी रांगोळी म्हणजे रस्ता, निळी म्हणजे व्हाळ आणि विहिरी, जांभ्याचे खडे म्हणजे घरं. घरात माणसं किती, ते खड्याशेजारी तेवढे तांदळाचे दाणे ठेवून दाखवायचं.

पहिली दहा मिनिटं थोर गेली. बायका वाकून व्हाळ काढत होत्या, पोरं खडे आणत होती, पिंट्याच्या चेहऱ्यावर चेंबर्सचं तेज होतं. मग गावातल्या दादा गावकरांनी आपल्या भाटाचा गडगा काढला. काढताना तो वीतभर पूर्वेला सरकला. पूर्वेच्या चुलत्याने काही न बोलता चपलेच्या टोकाने तो वीतभर पश्चिमेला ढकलला. दादांनी पुन्हा काढला, या वेळी दगड ठेवून. चुलते घरी गेले आणि १९८६ सालच्या मोजणीचा कागद घेऊन आले. खाली रांगोळीत वीतभर म्हणजे वर जमिनीवर दीड गुंठा, हे प्रमाण पिंट्याने कुणालाही शिकवलं नव्हतं. ते सगळ्यांना आपसूक येत होतं. दोन्हीकडचे भाऊबंद जमले. तीस वर्षं न बोलणारी माणसं बोलायला लागली, आणि काय बोलली ते पिंट्याने 'सहभागाची पातळी: उच्च' असं नोंदवलं.

या धांदलीत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण गुरवाची कोंबडी पिलांसकट नकाशात शिरली आणि खालची वाडी सबंध टिपून गेली. पिंट्या धावला तोवर बावीस घरांपुढे दाणा उरला नव्हता.

"ऱ्हवांदे," दादा म्हणाले. "आता खरो झालो नकाशो. कोंबयेन खाल्ल्यान काय नि मुंबयन खाल्ल्यान काय, खालच्या वाडयेत आसा कोण?"

मुंबईने खाल्लेल्या त्या वाडीतच थोरलं घर आहे. माडीचं, सागवानी खांबांचं, पुढे चौक आणि मागे पोफळी. गेली कित्येक वर्षं कुलूपबंद. पिंट्याला ते पाहून भरून आलं. चार खोल्या नीट केल्या तर आदर्श होमस्टे! मी सातबारा दाखवला. त्यावर सदतीस नावं. त्यातली अकरा देवाघरी, एक कॅनडात, आणि दोघं अशी की एकाने सही केली हे कळलं तर दुसरा करायचा नाही.

पिंट्या आनंदाने ओरडलाच. हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली लिहिलं, की कुरण सगळ्यांचं असलं की जो तो आपलं एकेक जनावर वाढवतो आणि कुरण उजाड होतं. ते सगळे पाठ करतात. पण हेलर नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९८ साली त्याची उलटी बाजू मांडली. एका वस्तूवर हक्क सांगणारे फार झाले की प्रत्येक जण दुसऱ्याला अडवतो आणि वस्तू कुणाच्याच उपयोगी पडत नाही. हेलरला हे मॉस्कोत सुचलं. तिथे रस्त्यावरच्या टपऱ्या मालाने भरलेल्या आणि मागची पक्की दुकानं रिकामी. मला त्या माणसाची दया आली. मॉस्कोला एवढं कशाला जायचं? रात्रीची कोकणकन्या पकडली असती तर सकाळच्या चहाला सिद्धान्त हातात पडला असता.

यानंतर पिंट्या राईकडे वळला. आमच्या देवाची राई आहे, चार-पाच एकरांची. आत कुऱ्हाड नेत नाहीत, पडलेलं लाकूडसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून विद्यार्थ्यांची पावलं तिकडे वळतात. पिंट्याला तिची किंमत काढायची होती. बाजारात जी वस्तू विकत नाही तिची किंमत कशी काढायची, तर माणसांनाच विचारायचं: ही टिकावी म्हणून तुम्ही वर्षाला जास्तीत जास्त किती द्याल? ही पद्धत हसण्यावारी नेऊ नका, असं त्याने मला बजावलं. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा बिघडलेल्या समुद्राची किंमत अशीच काढली आणि त्यावरून एवढा वाद झाला, की ही पद्धत भरवशाची आहे का ते ठरवायला अॅरो आणि सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली.

हे सगळं त्याने दादा गावकरांनाही सांगितलं. दादांनी विडी विझवली. "आमच्या राईत जहाज खयसून येतला?"

"जहाज नाही हो. समजा, ही राई राखायची तर तुमच्या घराला दर वर्षी…"

"कोण इकता हा ती?"

"कोणी नाही. समजा…"

"कोण इकणा नाय, मग मी पैसे कोणाक देव?"

पिंट्या एक्केचाळीस घरं हिंडला. एकाने विचारलं, 'तू किती देतलंस?' एकीने देवाची ओटी भरते तेवढे सांगितले. एकाने एक लाखाचा आकडा सांगून पुढे 'आसते तर' असं जोडलं. बहुतेकांनी गप्प बसून चहा पुढे केला. रात्री कंदिलाशेजारी बसून पिंट्याने उत्तरांची वर्गवारी केली. वीज होती, कंदील त्याने वातावरणासाठी मागितला होता. माणूस प्रश्नच नाकारतो तेव्हा त्याला निषेध-उत्तर म्हणतात आणि ती उत्तरं हिशोबातून वगळायची असतात. वगळता वगळता तीन उरली. त्यांत एक माझं होतं. जेवायला उशीर होत होता म्हणून मी शंभर रुपये म्हणालो होतो. राईची किंमत आता त्या शंभरावर उभी राहणार होती, आणि ज्यांनी राई खरोखर राखली ते अडतीस जण हिशोबाबाहेर बसले होते. हे त्याला सांगितलं तर तो खजील होईल असं वाटलं. सांगितलं, तर तो म्हणाला, "हो मामा, हाच तर या पद्धतीवरचा मोठा आक्षेप आहे," आणि तेही लिहून घेतलं. यांना खजील करता येत नाही. ही चौथी खूण.

मग किनारा. एका जागी किती पर्यटक मावतात याचं सूत्र असतं: क्षेत्रफळ भागिले माणशी लागणारी जागा, गुणिले दिवसातून गर्दी किती वेळा बदलते तो आकडा. पिंट्याने टेप लावली. लांबी चारशे मीटर, रुंदी साठ. माणशी दहा चौरस मीटर धरले, बारा तासांत माणूस तीन तास थांबतो असं धरलं, आणि उत्तर आलं: दिवसाला ९,६००. आमच्या गावाची वस्ती अकराशे. तो आकडा ऐकून चहाच्या टपरीवाल्याने त्याच संध्याकाळी आणखी एक बाक सांगितला. दुसऱ्या दिवशी पिंट्या पडताळणीला गेला तर किनारा दहा मीटर उरलेला. आदल्या दिवशी त्याने सुकतीला मोजलं होतं. आज भरती होती. नवं उत्तर: १,६००. टपरीवाल्याचा बाक तोवर येऊन पडला होता.

"नि रापण खंय लावची?" रापण ओढणाऱ्या बाबलने विचारलं. सूत्रात रापण नव्हती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. होडी अर्धवर्तुळ घेऊन जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांच्या दोरखंडांना किनाऱ्यावर माणसं लागतात, आणि जाळं वर आलं की वाटे पडतात. होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. पिंट्याने बाबलला सांगितलं, की एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईने जगभरची अशी सामाईक व्यवस्था अभ्यासली, ती टिकवणारे आठ नियम काढले, आणि तिला २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं; ते मिळवणारी ती पहिली बाई. बाबलने आठही नियम दोर ओढता ओढता ऐकून घेतले. हद्द ठरलेली हवी, नियम गावाने करावेत, देखरेख हवी, चुकला त्याला आधी थोडा मग जास्त दंड…

"नववो ऱ्हवलो," तो म्हणाला. "लिवन घेता तेका वाटो नाय. धर दोर."

पिंट्याने वही सदऱ्यात कोंबली आणि दोर धरला. तासाभराने हाताला फोड आणि वाट्याला सात बांगडे घेऊन तो घरी आला तेव्हा मला बाबलचं कौतुक वाटलं. मात्र त्याच किनाऱ्यावर पर्यटकांना उलटंपालटं करणारी केळ्याच्या आकाराची जी बोट फिरते आणि जिच्यामुळे रापण लावायला जागा उरत नाही, ती बाबलच्या मुलाची आहे. हे पिंट्याला बाबलने सांगितलं नाही. मीही नाही. पिंट्याने बोटीच्या फेऱ्या मोजून शोधून काढलं.

इथवर मला मौज वाटत होती. पिंट्या दुसऱ्यांच्या घरांत काय काय मोजतो ते मी रात्री जेवताना चवीने ऐकत असे. मग एक दिवस न्याहारीच्या टेबलावर तो माझ्या पाहुण्यांशेजारी बसला.

"इथवर यायला तुम्हांला एकूण खर्च किती आला?" हाही एक प्रकार होता. १९४७ साली एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाने तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून सुचवलं, की लोक तिथवर पोचायला किती खर्च सोसतात त्यावरून उद्यानाचं मोल काढता येईल. त्या माणसाचं नाव हॉटेलिंग. मी समजलो आपल्याच धंद्यातला. पाहुण्याने पेट्रोल, टोल आणि वाटेतलं जेवण धरून आकडा सांगितला. त्याच्या बायकोने तो आकडा प्रथमच ऐकला. घावने गार झाले. एवढ्या पैशांत केरळ झालं असतं हे निष्पन्न झालं, आणि दोन रात्रींचं बुकिंग एका रात्रीवर आलं.

तरीही मी गप्प होतो. पण त्याच दुपारी मला विहिरीत तांबडे पट्टे दिसले. पिंट्याने दोरीला दगड बांधून, हाताहाताला गाठ मारून मोजणी चालवली होती. रोज सकाळी दगड बुडवायचा, ओल्या-सुक्याची गाठ पाहायची आणि शिडीने उतरून पाण्याच्या रेषेला रंगाचा पट्टा ओढून तारीख घालायची. एकाखाली एक वीस पट्टे. वरचे जवळजवळ होते, खालच्यांत अंतर वाढत गेलं होतं. जिथे अंतर जास्त, तिथे पिंट्याने तारखेशेजारी एक छोटं चित्र काढलं होतं. आधी मला ते फूल वाटलं. ते शॉवर होतं.

"मामा, टाकी हजार लिटरची. चार पाहुणे असले की रोज एकदा पूर्ण रिकामी होते. म्हणजे माणशी अडीचशे. जलजीवन मिशनने गावातल्या माणसासाठी धरलेलं माप दिवसाला ५५ लिटर. तुझा एक पाहुणा म्हणजे साडेचार गावकरी."

"तो पैसे देतो."

"पाण्याचे? बिलात दाखव."

बिलात खोली होती, सुरमई थाळी होती, सोलकढी होती. पाणी नव्हतं. "ज्याला दर नाही ते जपून कोण वापरेल?" पिंट्या म्हणाला. "आणि तुझी विहीर उतरली की खालच्या अंगाची काकूंची बाव आटते. तुझा फायदा, खर्च त्यांचा. याला एक्सटर्नॅलिटी म्हणतात."

याला आमच्यात भाचा म्हणतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. आमच्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो; जांभा तो पितो, व्हाळ उरलेला समुद्रात नेतो, आणि मेमध्ये गाव टँकरची वाट पाहतं. यात माझ्या एका शॉवरचा काय पाड! पण फोनवर प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो शॉवर आहे का. दुसरा, समुद्र किती लांब आहे. बादली ठेवली तर समुद्र कितीही जवळ असून काय उपयोग?

१ मेच्या ग्रामसभेत पिंट्याला बोलायची परवानगी मिळाली. सभा आधी गणपूर्तीअभावी तहकूब झाली, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून अर्ध्या तासाने त्याच माणसांत पुन्हा भरली. पिंट्याने फळ्यावर शिडी काढली. शेरी अर्न्स्टीन या बाईने १९६९ साली लोकसहभागाच्या आठ पायऱ्या सांगितल्या: तळाशी लोकांना गुंडाळणं, माथ्यावर कारभार लोकांच्या हाती. "आपण कुठल्या पायरीवर आहोत?" त्याने विचारलं. कुणी तरी म्हणालं, शिडी ग्रामपंचायतीची आहे, ती गेल्या वर्षी कोणी नेली ते आधी सांगा. त्यावर पाऊण तास गेला.

मग त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला विहिरींचा तक्ता उलगडला. सभा शांत झाली. पाण्याचं नियोजन झालंच पाहिजे यावर एकमत झालं. इतकं एकमत मी गावात पूर्वी पाहिलं नव्हतं. बागायतदार म्हणाले, खोल्यावाल्यांना आवरा. मी म्हणालो, कलमांना दिवसरात्र पंप चालतो तो आधी बघा. वरच्या वाडीने खालच्या वाडीकडे बोट दाखवलं, खालच्या वाडीत बोट दाखवायलाही कुणी नव्हतं. प्रत्येकाजवळ योजना होती आणि ती शेजाऱ्यापासून सुरू होत होती. शेवटी मीच तोडगा काढला: विषय गंभीर आहे, घाई नको, पुढच्या ग्रामसभेत ठराव घेऊ. टाळ्या पडल्या. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला. तेव्हा छत्र्या मिटवून आत यायला जागा नसते. पाणीटंचाईचा विषय काढणाऱ्याला माणसं विचारतात, 'बरा वाटत नाय काय रे?'

पिंट्या निघाला तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. जाण्याआधी दादा गावकर म्हणाले, पोराने महिनाभर उन्हात हाडं झिजवली, देवाकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसा जाणार? सकाळी सगळे देवळात जमले. बाबल होता, टपरीवाला होता, गडग्याचे चुलते होते, खालच्या काकू होत्या; आई खांबाला टेकून बसली होती. बोलावणं न धाडता शंभरावर माणसं. पुढे नारळ ठेवला. दादांनी टोपी काढली, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा! ह्यो गावचो भाचो, गावचो सर्वे करून आज पुण्याक जाता हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या चार क्रेडिटांच्या आड कोण प्रोफेसर, कोण एक्स्टर्नल येत आसात, तर तेका वायच बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावची कॅरिंग कपॅसिटी राख. भरतीक एक नि सुकतीक एक, असा करू नको!"

"व्हय म्हाराजा!" टपरीवाल्याचा आवाज सगळ्यांवर.

"ह्या गावचे जे काय स्टेकहोल्डर आसत, हयचे आसत, मुंबयचे आसत, तेंका सगळ्यांका एका जाग्यार हाड. थोरल्या घराच्या कागदार सही करूची बुद्धी दी. तुझ्या राईक किंमत लावची पाळी आमच्यार हाडू नको!"

"व्हय म्हाराजा!"

पिंट्या हात जोडून उभा होता. वही काढायचं त्याला सुचलं नव्हतं. दादांनी दम घेतला. मला वाटलं, संपलं.

"आणि बा देवा म्हाराजा! ह्या पोराच्या मामाच्या न्हाणयेत जो शॉवर आसा, तेका पुढल्या चैताच्या आत बादलीची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" काकूंचा आवाज मला वेगळा ऐकू आला. आईचाही.

गाऱ्हाण्याला गणपूर्ती लागत नाही, ते तहकूब होत नाही, आणि त्यातला विषय १५ ऑगस्टवर ढकलता येत नाही. समोर उभा आहे त्याने गप्प राहायची सोयही नाही. देव पाहत असो वा नसो, शेजारचा पाहत असतो. मी आजूबाजूला नजर टाकली. दादा नारळ हातात घेऊन थांबले होते. फोडत नव्हते.

सगळ्यांच्या मागून, जरा हळू, मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."